मन्स्टरची लाल जर्सी नेमकी कुणाची?

नाशिकहून आठ महिन्यांपूर्वी आयर्लंडमधल्या लिमरिकला आलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा इथल्या शाळेत रग्बी खेळायला लागलाय. घरात लाल जर्सी आली आणि पाठोपाठ भिंतीवर तीन मुकुट अन् हरणाचं चिन्ह लागलं. त्या विचारतात : मन्स्टर हा क्लब आहे, राज्याचा संघ आहे की कंपनी? आयपीएलसारखा लिलाव होतो का? चांगला धडधाकट खेळाडूसुद्धा एखाद्या शनिवारी बाहेर का बसवतात? आणि आमचा सडपातळ पोरगा या खेळात सुरक्षित आहे का, कधी तिथवर पोचेल का?

ताई, आधी माझं सांगतो, म्हणजे हे कोणत्या नजरेनं लिहिलंय ते कळेल. मी कोल्हापूरचा, पेशानं फिजिओथेरपिस्ट. २००८ साली लिमरिकला आलो आणि पुढच्याच वर्षापासून इथल्या एका हौशी क्लबच्या मैदानाकडेला दर शनिवारी उभा असतो. खांद्याला बॅग, बॅगेत टेप, कात्री, गॉज, बर्फ. मन्स्टरच्या पगारी चमूत मी नाही. पण ज्यांचे घोटे मी त्यांच्या सोळाव्या वर्षी बांधले, त्यातली काही पोरं पुढे ती लाल जर्सी घालून मैदानात उतरताना मी पाहिली आहेत. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या दोन वयांच्या मधल्या वाटेवरच आहेत.

मन्स्टर हा प्रांताचा संघ. पण ‘प्रांत’ म्हटल्यावर सरकार डोळ्यांपुढे आणू नका. आयर्लंडचे जुने चार प्रांत : लेन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट आणि मन्स्टर. मन्स्टरमध्ये कॉर्क, केरी, लिमरिक, क्लेअर, टिपररी आणि वॉटरफर्ड या सहा काउंटी येतात. या प्रांताला विधानसभा नाही, मुख्यमंत्री नाही. आपल्याकडे विदर्भ जसा आहे तसंच हे. नकाशावर वेगळं राज्य नाही, पण माणूस स्वतःला वऱ्हाडी म्हणवतो ते छातीठोकपणे. आणि रणजीत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो, मुंबईचा वेगळा, महाराष्ट्राचा वेगळा. तो संघ कुणा शेठजीच्या मालकीचा नसतो, असोसिएशनचा असतो. मन्स्टरचंही तसंच. आयरिश रग्बी फुटबॉल युनियन ही देशाची संघटना, तिची मन्स्टर शाखा १८७९ सालची, आणि ही टीम त्या शाखेची.

फरक एवढाच की रणजीचा संघ हंगामापुरता एकत्र येतो, तर मन्स्टरच्या खेळाडूंची ही बारमाही नोकरी आहे. चाळीस-पंचेचाळीस खेळाडू करारावर, शिवाय प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ, व्हिडिओ बघून विश्लेषण करणारी माणसं. २०१६ पासून सगळ्यांचा तळ लिमरिक विद्यापीठाच्या आवारात आहे. त्याआधी अर्धे खेळाडू कॉर्कला आणि अर्धे लिमरिकला सराव करायचे, मग मधल्या रस्त्यावर प्रवासातच आठवडा जायचा.

लिलाव अजिबात नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या संकुलात जी रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सात-सात जणांच्या रग्बीची होती. सहा संघ, मालक, बोली, दोन आठवड्यांत सगळा खेळ आटोपला. ती लीग बघून आलेल्याला इथला प्रकार बुचकळ्यात टाकतो. मन्स्टर पंधरा जणांचं रग्बी खेळतं, ऐंशी मिनिटांचे सामने, सप्टेंबरपासून पार उन्हाळ्यापर्यंत. युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप नावाच्या लीगमध्ये १६ संघ आहेत : आयर्लंडचे चार, वेल्सचे चार, स्कॉटलंडचे दोन, इटलीचे दोन, दक्षिण आफ्रिकेचे चार. प्रत्येकाचे १८ सामने, पहिले आठ बाद फेरीत. शिवाय युरोपची चॅम्पियन्स कप वेगळी. बाहेरून खेळाडू येतात, पण आयर्लंडकडून खेळायला पात्र नसलेल्यांची संख्या युनियन मोजूनमापून ठेवते. बाकीची जर्सी खालून भरून येते.

‘खालून’ म्हणजे कुठून ते समजलं की मन्स्टर समजलं. मला ते कळायला फार वेळ लागला नाही, कारण मी कोल्हापूरच्या पेठेत वाढलो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा असा तालमींचा फुटबॉल सामना असला की आमच्याकडे दुकानं लवकर बंद व्हायची. पोरगा कुठल्या तालमीचा हे आधी विचारलं जायचं, नाव नंतर. लिमरिकमध्ये पाऊल ठेवलं आणि तेच सगळं दिसलं, फक्त चेंडू अंडाकृती. गॅरीओवेन, शॅनन, यंग मन्स्टर, ओल्ड क्रेसेंट. प्रत्येक क्लबाची आपली आळी, आपले दारूचे गुत्ते, आपली वैरं. उंच चेंडू मारून त्याखाली धावत सुटायचं आणि झेलणाऱ्यावर जाऊन आदळायचं, या डावपेचाला जगभर ‘गॅरीओवेन’ म्हणतात. या शहरातल्या एका क्लबाच्या नावावरून. यंग मन्स्टर हा गोदी-रेल्वेत राबणाऱ्या वस्तीचा क्लब. त्यानं १९९३ साली अखिल आयर्लंड लीग जिंकली. शॅननने त्यानंतर १९९५ ते १९९८ सलग चार वेळा. डब्लिनमध्ये रग्बी हा प्रामुख्यानं महागड्या खासगी शाळांचा खेळ आहे. लिमरिकमध्ये तो गोदी कामगाराचाही आहे आणि डॉक्टरचाही, दोघं एकाच स्क्रममध्ये, म्हणजे आठ-आठ जणांच्या रेटारेटीत, डोकं घालतात. कॉर्कचा बाज पुन्हा वेगळा, तिथे शाळांचा दबदबा जास्त. पण कॉर्कवाला आणि लिमरिकवाला एरवी एकमेकांना पाण्यात पाहतात आणि लाल जर्सी घातली की खांद्याला खांदा लावून ढकलतात, हे मात्र खरं.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये हे पंधरा जणांचं रग्बी व्यावसायिक झालं. त्याआधी खेळण्याचे पैसे घेणं निषिद्ध होतं. पैसा आल्यावर प्रत्येक देशापुढे एकच पेच होता : पगार कुणाच्या हातून द्यायचा? इंग्लंड-फ्रान्समध्ये क्लबांनी मालक शोधले. आयर्लंडचे क्लब एवढे मोठे नव्हते आणि खेळाडू इंग्लंडला निघाले होते. आयरिश युनियनला उत्तर घरातच सापडलं. प्रांत आधीपासून होते. १९४६ पासून ते आपसांत दरवर्षी खेळत होते. वर्षातून मोजके सामने, बिनपगारी, पण लोकांच्या मनात जर्सी होती. युनियननं त्यांनाच पगारी केलं. १९९९ च्या जानेवारीत अल्स्टरनं युरोपचा कप जिंकला आणि लोकांचा विश्वास बसला.

वेल्सनं २००३ मध्ये वेगळं केलं. तिथे क्लबच दैवत होते. त्यांची मोट बांधून युनियननं पाच नवे ‘प्रदेश’ तयार केले. त्यातला केल्टिक वॉरियर्स एका वर्षात बंद पडला. ज्या खोऱ्यांतल्या लोकांनी शंभर वर्षं आपल्या गावाच्या क्लबासाठी घसा कोरडा केला, त्यांना शेजारच्या गावाबरोबर एका नव्या नावाखाली उभं राहा म्हणून सांगण्यात आलं. कित्येकांनी मैदानाकडे पाठ फिरवली. मला तर पाटाकडील आणि खंडोबा एक करून ‘पश्चिम कोल्हापूर’ नावाचा संघ काढल्यासारखं वाटतं ते. मन्स्टरचं नाव शंभरावर वर्षं लोकांच्या तोंडी होतं म्हणून ते टिकलं.

नाव रुजलेलं म्हणजे किती रुजलेलं? ३१ ऑक्टोबर १९७८, मंगळवार. न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्स त्या दौऱ्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड सगळ्यांना हरवून परत गेले. अठरा सामन्यांत एकच हरले, तो लिमरिकच्या थोमंड पार्कवर. मन्स्टर १२, ऑल ब्लॅक्स ०. प्रशिक्षक टॉम कीर्नन. क्रिस्टी कँटिलनचा ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवणं, बाकीचे सगळे गुण टोनी वॉर्डच्या पायातून. मन्स्टरचे सगळे खेळाडू हौशी, दुसऱ्या दिवशी कामावर जाणारे. कप्तान डोनल कॅनिफ मैदानात असताना तिकडे कॉर्कमध्ये त्यांचे वडील वारले. ही बातमी त्यांना सामना संपल्यावर कळली. मैदानात १२,००० माणसं होती. आज लिमरिकमध्ये ‘मी तिथे होतो’ म्हणणारे त्याहून कितीतरी जास्त भेटतील. त्यांना खोडून काढू नका, ऐकून घ्या. त्या संघात दुसऱ्या रांगेत ब्रेंडन फोली नावाचा शॅननचा खेळाडू होता. हे नाव लक्षात ठेवा.

पुढे व्यावसायिक काळात मन्स्टरनं आधी हरण्याचाच अनुभव घेतला. २००० च्या युरोपियन अंतिम सामन्यात नॉर्दॅम्प्टनकडून ८–९, एका गुणानं. २००२ मध्ये लेस्टरकडून ९–१५. मधे १८ जानेवारी २००३ ची ती दुपार : ग्लॉस्टरविरुद्ध पुढच्या फेरीत जायला चार ट्राय आणि २७ गुणांचं अंतर हवं होतं. चौथा ट्राय झाला तेव्हाही दोन गुण कमीच होते. रोनन ओ’गारानं ट्रायनंतरची दोन गुणांची शेवटची किक खांबांमधून काढली. ३३–६. बरोब्बर २७. अखेर २००६ साली कार्डिफमध्ये बियारिट्झला २३–१९ हरवून कप घरी आला. सामना चालू असताना स्टेडियमच्या पडद्यावर लिमरिकच्या ओ’कॉनेल स्ट्रीटवर जमलेली गर्दी दाखवली. आपल्या गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून आपल्याकडे बघताहेत हे खेळाडूंनी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी कप उचलणारा कप्तान अँथनी फोली. १९७८ च्या ब्रेंडन फोलीचा मुलगा. बाप शॅननचा, पोरगा शॅननचा, दोघंही लाल जर्सीत. कुठल्याही लिलावातून हे येत नाही, ताई. २००८ मध्ये तुलुझला १६–१३ हरवून कप दुसऱ्यांदा आणला, तेव्हा कप्तान पॉल ओ’कॉनेल होता. लिमरिकचाच.

मी आलो त्या वर्षी नोव्हेंबरात नव्यानं बांधलेल्या थोमंड पार्कचं औपचारिक उद्घाटन झालं, पुन्हा ऑल ब्लॅक्सविरुद्ध. मला तिकीट मिळालं नाही, पबमध्ये उभा राहून पाहिलं. मन्स्टरमधल्या चार न्यूझीलंडच्या खेळाडूंनी आपल्याच देशबांधवांपुढे हाका, म्हणजे सामन्याआधीचा त्यांचा माओरी नाच, केला. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत मन्स्टर पुढे होतं, मग १६–१८ नं गेलं. आत घुसायला जागा नव्हती आणि सामना संपल्यावर कुणी हललंही नाही.

मैदानात पहिल्यांदा गेलो तो पुढच्या वर्षी. तोवर क्रिकेटचे सामने पाहिले होते, फुटबॉलचे पाहिले होते. गोलंदाज धावत आला की टाळ्यांचा ताल वाढत जातो ही माझी सवय. इथे प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूनं पेनल्टीसाठी चेंडू ठेवला आणि पंचवीस हजार माणसं गप्प झाली. हळूहळू नाही, एकदम. दोन रांगा खाली एक लहान मूल खोकलं ते मला ऐकू आलं. मग पायाचा आणि चेंडूचा ठप्प असा आवाज. चेंडू खांबांबाहेर गेला तेव्हा कुठे गर्दी पुन्हा बोलायला लागली. शेजारच्या आजोबांनी मला सांगितलं की आपल्या माणसाला जेवढं मौन देतो तेवढंच पाहुण्यालाही द्यायचं. मुलाला घेऊन जाल तेव्हा हे त्याला आधीच सांगून ठेवा.

आता धडधाकट खेळाडू बाहेर का बसतो ते. देशाची युनियन मालक असल्यामुळे खेळाडूच्या शरीरावर पहिला हक्क देशाचा असतो. आघाडीच्या काही खेळाडूंचा करार थेट युनियनशी असतो, त्याला केंद्रीय करार म्हणतात. बाकीच्यांचा प्रांताशी. राष्ट्रीय प्रशिक्षक आणि युनियनचे अधिकारी प्रांताला सांगतात की अमक्याला या महिन्यात एवढेच सामने खेळवा, तमक्याला दोन आठवडे विश्रांती. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा, असली की मन्स्टरचे चांगले खेळाडू महिनाभर दिसतच नाहीत, आणि लीगचे सामने तर चालूच असतात. तिकीट काढून आलेल्या माणसाला हे टोचतं. मलाही टोचतं. पण फिजिओ म्हणून मला यात शहाणपण दिसतं. ११५ किलोचा माणूस आठवड्याला पंचवीस टॅकल करतो, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडतो, तेव्हा त्याचा खांदा मोजूनच वापरावा लागतो. फ्रान्समध्ये क्लबमालक पगार देतो, म्हणून तो खेळाडूला पिळून घेतो. आयर्लंडचे खेळाडू पस्तिशीपर्यंत टिकतात याचं एक कारण ही व्यवस्था आहे. सिक्स नेशन्सच्या तिकिटांचा आणि टीव्हीचा पैसाच युनियनमार्फत चार प्रांतांत येतो, हे विसरून चालणार नाही. देश जिंकला तर प्रांताची चूल पेटते.

याचं दुसरं टोक म्हणजे देशाबाहेर खेळायला गेलात तर आयर्लंडच्या संघाचं दार जवळपास बंद. जॉनी सेक्स्टन पॅरिसला दोन वर्षं खेळला तेव्हा त्याला अपवाद केलं, बाकी अपवाद विरळा. म्हणून पोरं जास्त पैसा सोडूनही घरी राहतात.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. डब्लिनच्या शाळांतून एवढे तयार खेळाडू येतात की केंद्रीय करारांच्या यादीत लेन्स्टरचा वाटा कायम मोठा. म्हणजे ज्याच्याकडे भरलेलं आहे त्याच्या पगाराचा मोठा भारही देश उचलतो आणि मन्स्टर, कॉनॉट बरेचसे पगार आपल्या खिशातून देतात. हा तोल युनियननं सावरायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही २०२३ साली मन्स्टरनं लीग जिंकली ती सगळे बाद सामने परक्या मैदानावर खेळून. ग्लासगोला त्यांच्या घरी हरवलं. डब्लिनमध्ये लेन्स्टरला १६–१५, शेवटच्या क्षणी जॅक क्रॉलीच्या ड्रॉप गोलनं, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारलेल्या किकनं. मग केपटाऊनला जाऊन स्टॉर्मर्सला १९–१४. क्रॉली कॉर्क काउंटीचा, तिथल्या शाळेतून आणि क्लबातून वर आलेला. त्या संध्याकाळी आमच्या क्लबात रडत नव्हता असा माणूस मला दिसला नाही.

मुलींसाठीही मन्स्टरचा संघ आहे आणि चांगला आहे, पण त्यांचा प्रांतिक हंगाम काही आठवड्यांचाच असतो. मुलांसारखी वर्षभराची पगारी नोकरी प्रांतात मुलींना मिळत नाही. व्हायला हवं ते.

सुरक्षिततेबद्दल आता नीट सांगतो, कारण तुमची खरी काळजी ती आहे आणि ती रास्त आहे. रग्बीत दुखापत होते. घोटा, गुडघा, खांदा, बोटं हे माझं रोजचं काम. ते बरं होतं. मी घाबरतो तो डोक्याला. व्यावसायिक सामन्यात डोक्याला मार बसल्याची शंका आली तर खेळाडूला बारा मिनिटं बाहेर काढून तपासतात, आणि ठरलेल्या चाचण्यांत तो जरासा जरी कमी पडला तरी परत सोडत नाहीत. दातांवरच्या गार्डमध्ये आता सेन्सर असतात, डोक्याला किती जोराचा झटका बसला ते लगेच कळतं. सरावातही बंधन आहे. २०२१ मध्ये वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेनं सांगितलं की पूर्ण अंगझटीचा सराव आठवड्याला १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. लोकांना वाटतं हे दांडगे रोज एकमेकांवर आदळत असतील. आठवड्याचा बराच भाग चालण्यात, पळण्यात, व्हिडिओ बघण्यात आणि झोपण्यात जातो.

मुलांच्या सामन्यात ते बारा मिनिटांचं प्रकरणच नाही. शंका आली की बाहेर, त्या दिवशी परत येणं नाही. काही वर्षांपूर्वी पंधरा वर्षांखालच्या सामन्यात एका मुलानं मला विचारलं, ‘स्कोअर किती?’ मी सांगितलं. मिनिटभरानं पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याचा हात धरून त्याला रेषेबाहेर आणलं. तो चालत होता, हसत होता, डोक्यावर ओरखडासुद्धा नव्हता. बापाला पटेना, अंतिम सामना होता. मी त्यांना एवढंच म्हटलं की त्याला आज सकाळी काय खाल्लं ते विचारा. मुलाला आठवेना. बाप काही न बोलता गाडीची किल्ली काढायला गेला. किमान तीन आठवडे बाहेर, मग टप्प्याटप्प्यानं : आधी चालणं, मग पळणं, मग चेंडू, सगळ्यात शेवटी टॅकल, आणि मधे डॉक्टरची परवानगी. तुमच्या मुलाच्या क्लबात किंवा शाळेत हे काटेकोर पाळतात का, हे पहिल्याच दिवशी विचारा. उत्तर द्यायला कुणी कांकूं केली तर दुसरा क्लब बघा. इथे क्लबांना तोटा नाही.

टॅकल शिकवणं हे खरं संरक्षण. डोकं पळणाऱ्याच्या पुढे जाता कामा नये, मागच्या बाजूला हवं. गाल त्याच्या कुल्ल्याला, खांदा मांडीत, पाय चालू. आपल्याकडे तालमीत पट काढायला शिकलेली किंवा कबड्डीत मांडीची पकड घालणारी पोरं हे पटकन उचलतात, कारण वाकायची लाज नसते. उभ्यानं अंगावर जाणाऱ्यालाच जास्त लागतं. मुलगा नाशिकला कबड्डी खेळला असेल तर प्रशिक्षकाला आवर्जून सांगा.

आणि सडपातळ म्हणून मागे हटू नका. पंधरा जागांची कामं वेगळी आहेत. पुढच्या आठांना वजन आणि उंची लागते, एका बाजूच्या आठ जणांचं वजन मिळून नऊशे किलोच्या आसपास भरतं. पण नऊ नंबरचा, म्हणजे स्क्रम-हाफ, त्यांच्या पायांतून चेंडू उचलून बाहेर फेकणारा, तो चपळ आणि वाचाळ हवा. २००६ च्या अंतिम सामन्यात मन्स्टरचा नऊ नंबर पीटर स्ट्रिंगर होता, पाच फूट सात इंचांच्या आतबाहेर. मोसमभर त्याला स्वतः पळत सुटताना कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून बियारिट्झच्या बचावानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो कडेनं एकटा घुसला आणि ट्राय करून आला. आजचा क्रेग केसी त्याहूनही बुटका, लिमरिकचाच.

तिथवर पोचण्याची वाट अशी : शाळा किंवा क्लब, मग प्रांताचे वयोगटाचे संघ, १८ वर्षांखालील, १९, २०. त्यातून मोजकी पोरं मन्स्टरच्या अकादमीत, साधारण तीन वर्षांची. त्यातून पुन्हा मोजकी करारावर. आयर्लंडचा पासपोर्ट नाही म्हणून दार बंद होत नाही. आयर्लंडकडून खेळण्याची पात्रता जन्मानं, आईबाप-आजीआजोबांच्या जन्मानं किंवा सलग पाच वर्षं इथेच नोंदणी करून खेळल्यानं मिळते. पण आकड्यांकडे डोळे उघडे ठेवून बघा. दरवर्षी हजारो पोरं खेळतात आणि करार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना मिळतो. शाळेचा अभ्यास याच्या आड येऊ देऊ नका, मन्स्टरची अकादमीसुद्धा येऊ देत नाही. आणि अठराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणजे संपलं असंही नाही. टाइग बर्नला लेन्स्टरनं अकादमीनंतर सोडून दिलं. तो वेल्सला स्कार्लेट्सकडे गेला, तिथे नाव कमावलं, २०१८ मध्ये मन्स्टरला आला आणि पुढे मन्स्टरचा कप्तान झाला.

ब्रेंडनचा मुलगा अँथनी फोली पुढे मन्स्टरचा मुख्य प्रशिक्षक झाला. १६ ऑक्टोबर २०१६ ला, पॅरिसमधल्या सामन्याच्या दिवशी, हॉटेलच्या खोलीत झोपेतच गेला. ४२ वर्षांचा होता. सहा दिवसांनी थोमंड पार्कवर ग्लासगोविरुद्ध सामना होता. त्या दिवशी आठ नंबरची जर्सी कुणीच घातली नाही, कारण ती त्याची. सी. जे. स्टँडर २४ नंबर घालून उतरला. विसाव्या मिनिटाच्या आत एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, उरलेला तासभर चौदा जण खेळले, आणि ३८–१७ जिंकले. मी पूर्वेच्या बाजूला उभा होतो. सामना संपल्यावर संघानं मैदानाच्या मध्यभागी गोल केला, फोलीची दोन्ही मुलं त्या गोलात होती, आणि सगळ्यांनी मिळून मन्स्टरचं गाणं म्हटलं. माझ्या बाजूला आमच्या क्लबाचे मैदान सांभाळणारे गृहस्थ होते. अँथनी दहा वर्षांचा असताना त्याला पावसात मैदानावरून हाकलल्याचं ते मला सांगत होते. त्यांच्यासाठी तो गेलेला माणूस नावाजलेला प्रशिक्षक नव्हता, पलीकडच्या क्लबातला पोरगा होता.

तर आत्ता एवढं करा. शनिवारी सकाळी मुलाला जवळच्या क्लबाच्या मैदानावर न्या, त्याच्या वयाच्या गटात नाव घाला. दातांचं गार्ड दंतवैद्याकडून मापाचं करून घ्या, दुकानातलं उकळून बसवायचं नको. बूट एक नंबर मोठे घेऊ नका, वाढत्या अंगाला म्हणून आपण घेतो, त्यानं घोटे मुरगळतात. तुम्ही नर्स आहात असं लिहिलंय, तर क्लबाला सांगा. मैदानाकडेला माणूस कायम कमी असतो, आणि सकाळच्या नवाला तिथे गार वारं असतं, म्हणून चहाचा थर्मास आणि जास्तीची मोज्यांची जोडी सोबत ठेवा.

मन्स्टरचा सामना बघायचाच असेल तर नाताळानंतर लगेच थोमंड पार्कवर लेन्स्टर येतं तो बघा. त्याची तिकिटं लवकर संपतात, नोव्हेंबरातच काढून ठेवा.